गावपळणीला निघालेली मुंबईची बस

आमच्या घराचा पत्ता सोपा आहे. तिठ्यावर उतरायचं आणि दिसेल त्याला विचारायचं, ‘मुंबयची बस खंय आसा?’ शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला आमच्या अंगणात आणून सोडेल. माडांच्या दोन रांगांमध्ये, पत्र्याच्या छपराखाली ती उभी आहे. लाल, ठेंगणी, पुढचं नाक फेंदारलेलं आणि कपाळावर काचेआड पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘राणीबाग’. देवगड आणि मालवणच्या मधल्या किनाऱ्यावर, जिथे सकाळी मासे विकणारीची हाक हाच काय तो ट्रॅफिकचा आवाज, तिथे राणीबागेची पाटी बघून पाहुणे हसतात. हसू देत. पाटी बदललेली मला चालत नाही.

मी कंडक्टर. निवृत्त झाले तरी कंडक्टरच. कणकवली डेपोत उभं आयुष्य काढलं आणि घाटातल्या वळणावर एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तिकिटं फाडली. भरलेल्या गाडीत नुसतं मागे वळून बघितलं तरी भांडणं थांबायची. ही बढाई नव्हे, तालुक्यात कुणालाही विचारा. माझा थोरला भाऊ, दादा, मुंबईत शहराच्या बसवर ड्रायव्हर. दोघंही लाल गाडीवर, पण त्याची शहरातली नि माझी गावाकडची, म्हणून चतुर्थीला घरी जमलो की आमची हमखास जुंपायची.

‘तुझी गाडी म्हणजे बैलगाडी गो,’ तो म्हणायचा.

‘आणि तुझी पावला-पावलाक दम खाता,’ मी म्हणायची.

तर ही त्याची बस. माझ्या लग्नाच्या आधीची, एवढं नक्की. अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर हाताने ठोकलेल्या रिव्हेटच्या रांगा. बाकं लाकडी पट्ट्यांची. चढायचं ते मागून, दाराशी पितळी दांडा, इतक्या हातांनी घासून घासून मधोमध बारीक झालेला. छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या बाजूलाच, लोखंडी झाकणाखाली. थंडीत दादा त्या झाकणावर डबा ठेवून गरम करायचा. सुरुवातीला ती गिरणगावात पाळ्यांना माणसं सोडायची. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, नव्या गाड्या आल्या, तेव्हा तिला मार्गावरून काढून नवे ड्रायव्हर शिकवायला दिलं. शेवटची काही वर्षं दादाच शिकवायला होता. नवख्या पोरांनी तिचा गिअर असा काही रगडला म्हणता! तिने एकालाही दगा दिला नाही, असं दादा सांगायचा. सांगताना त्याला स्वतःचं कौतुक सांगायचं असायचं, पण ते तिच्या नावावर खपवायचा.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी ती भंगारात निघाली. लिलावात लोक पत्रा नि इंजिन वजनावर घ्यायला आले होते, हा पठ्ठ्या अख्खी गाडी घेऊन आला. वहिनीला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘हाडलास तर हाडलास. पण ती अंगणात रवतली. घरात मी आसंय.’ वहिनी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण शब्द तिचाच चालला. बस अंगणातच राहिली.

मुंबईहून दादाने ती स्वतः चालवत आणली. मी ड्युटी बदलून घेतली आणि कणकवलीला चढले, कारण कंडक्टरशिवाय गाडी गावात शिरणं मला पटणारं नव्हतं. हायवे सोडल्यावर एका थांब्यावर एका आजीने हात केला. दादाने सवयीने ब्रेक मारला.

‘ही देवगडाक जाता?’ आजीने विचारलं.

मी कपाळावरच्या पाटीकडे बोट केलं. आजीला वाचता येत नव्हतं, ती टोपली घेऊन सरळ चढली आणि बसली. मग तिला देवगडच्या फाट्यापर्यंत सोडून यावं लागलं. या बसची जिल्ह्यातली पहिली प्रवासी ती.

गावात तिने काय काय केलं ते सांगत बसले तर रात्र होईल. वऱ्हाडं नेली, शाळेची सहल नेली, दशावताराची मंडळी त्यांच्या पेट्यांसकट नेली. पेट्रोमॅक्स आणि गदा बाकावर आणि राजा खाली उभा. दसऱ्याला आम्ही तिला झेंडूची माळ घालायचो आणि दादा तिचं इंजिन गुरगुरवायचा, तेव्हा वाडीतली कुत्री शेपूट घालून पळायची. पुढे कागदपत्रांची मुदत संपली, डिझेल महागलं, दादाचे गुडघे कुरकुरायला लागले. ती छपराखाली गेली ती गेलीच. अधूनमधून इंजिन चालू करायचं, एवढंच उरलं.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला.

उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. माझे यजमान आधीच गेलेले, मी माहेरीच राहत होते, तेव्हा त्याचं सगळं माझ्याकडे आलं. डॉक्टर म्हणाले, रोज मोठ्याने वाचायला लावा. मी पेपर दिला, त्याने डाव्या हाताने ढकलून दिला. पोथी दिली, तीही ढकलली. कंडक्टरचं डोकं चालवलं आणि शेवटी त्याला खुर्चीत घालून बसच्या समोर नेऊन बसवलं. पाटीचं कापड आत रुळावर गुंडाळलेलं असतं, वरचा दांडा फिरवला की एकेक ठिकाण काचेत येतं. मी आत चढून दांडा फिरवला. वडाळा आलं. दादा बघत राहिला. परळ आलं. लालबाग आलं. राणीबाग आलं आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला. ‘राणी’ असा काही स्पष्ट नव्हता, नुसतं ‘रा’. पण मला माहीत होतं तो काय म्हणतोय. मी बसमध्येच बसून ढसाढसा रडले, आणि मी रडणारी बाई नाही.

त्यानंतर रोज सकाळी आमची शाळा भरायची. महिन्यामागून महिने गेले, तसतशी अख्खी मुंबई त्याच्या तोंडून पुन्हा बाहेर आली. आता तो बोलतो. हळू बोलतो, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, पण बोलतो. शाळा संपली की पाटी मी राणीबागेवर आणून ठेवते. ती का बदलू देत नाही, ते आता कळलं असेल.

गेल्या पावसाळ्यानंतर दादाचा मुलगा पुण्याहून आला. गुणी मुलगा आहे, बापावर जीव आहे. पण मुंबईत वाढला, पुण्यात नोकरी, त्याला सगळ्या गोष्टींचा निकाल लावायची सवय. तारकर्लीकडे किनाऱ्यावर एका हॉटेलवाल्याला ही बस हवी होती. इंजिन काढून टाकायचं, बाकं काढायची, आत टेबलं मांडायची, बाहेरून निळा रंग.

‘आत्या, खारं वारं तिला खातंय,’ तो म्हणाला. ‘खालचा पत्रा बघितलास? छप्पर गळतं. बाबांना असं, तुझं वय झालं. उद्या तिच्याकडे कोण बघणार? तिथे निदान लोक बघतील तरी.’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळेच मला राग जास्त आला. ‘निळा?’ मी म्हटलं. ‘तुझ्या बापाला निळा रंगव आधी!’

दादा खुर्चीत बसून दोघांचं ऐकत होता. मग म्हणाला, ‘गावपळण... येतासा.’

आता गावपळण म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या या पट्ट्यात काही गावांची रीत आहे. काही वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात. देवाने कौल दिला की ठरल्या दिवशी अख्खा गाव शिवेबाहेर जातो, तीन रात्री. नुसती माणसं नव्हे. गुरं, शेळ्या, कोंबड्या, मांजरं, सगळी. खाडीपलीकडे माडाच्या झावळांच्या झोपड्या घालतात आणि तिथेच चुली, तिथेच भजनं, तिथेच भांडणं. गावातली मुसलमान घरंही निघतात, रीत गावाची आहे. मागे गावात फक्त निर्जीव राहतं. घरं, भांडी, विहिरी. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. तेवढे दिवस गाव देवाचा.

दादा पुढचं एकेक शब्द करून बोलला. ‘जितां... तां सगळां... भायर जाता. ती भायर गेली... तर हंय रवतली. नाय गेली... तर घेवन जा.’ जितां म्हणजे जिवंत.

‘स्वतःच्या इंजिनावर,’ मुलाने लगेच जोडलं. ‘ढकलून नव्हे.’

दादाने मान डोलावली. मी आतल्या आत हबकले, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. झटक्यानंतर त्या इंजिनाला कुणी हात लावला नव्हता. दादाला हे माहीत होतं. मग त्याने असला सौदा का केला, हे मला तेव्हा उमजलं नाही. भावाचा जीव त्या गाडीत आणि माझा भावात, आणि दोघांचं ठरणार होतं एका गंजलेल्या स्टार्टरवर.

मी देवगडच्या बंदरावरून ट्रॉलरचा मेकॅनिक बोलावला. आम्ही त्याला भाई म्हणतो. माझ्या गाडीतला जुना प्रवासी, रोज शेवटच्या बाकावर झोपून यायचा नि मी उठवल्याशिवाय उतरायचा नाही. त्याने लोखंडी झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि खूश होऊन बाहेर आला.

‘बाय, हिचां इंजान नि माझ्या ट्रॉलराचां इंजान सख्खी भावंडां!’ म्हणाला. ‘हिका मी पलतीराक न्हेतलंय. बोलायचां काम नाय.’

बोलायचं काम नाही म्हणत तो आठवडाभर बोलत होता, पण काम केलं. बॅटऱ्या ट्रॉलरच्या लावल्या, नळ्या बदलल्या, टायर एका बागायतदाराच्या टेम्पोचे बसवले. डिझेलही त्यानेच जेटीवरच्या पिंपातून कॅन भरभरून आणलं. आदल्या दिवशी त्याने चावी फिरवली आणि बस खोकली, थुंकली, काळा धूर सोडून गुरगुरायला लागली. दादा ओट्यावर होता. त्याने डाव्या हाताने खुर्चीवर ताल धरला. मी भाच्याकडे असं बघितलं की बिचारा आत चहा करायला गेला.

गावपळणीची सकाळ म्हणजे जत्रेचा गोंधळ. मी घराघरांतून म्हातारीकोतारी गोळा केली, ज्यांना दरवेळी डोलीत नाहीतर खांद्यावर नेतात ती. सगळी बसमध्ये. दादाला खुर्चीसकट चौघांनी उचलून आत घेतलं आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवलं. शेवटच्या बाकाखाली आमची एक कोंबडी अंड्यांवर रवणीला बसली होती. तिला उठवायची कुणाची छाती झाली नाही, तीही तशीच निघाली. भाई स्टिअरिंगवर, मी मागे दांडा धरून.

देवळापुढे गाव जमला. गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, देवाला गाऱ्हाणं घातलं. ‘बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां गुरां-ढोरां, कोंबडी-कुतरी घेवन शिवेभायर जातत. तेंका सुखाची वाट दी रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळे ओरडले.

गावकाराने आमच्याकडे एक नजर टाकली. ‘आणि ही मुंबयची बसय जाता! तिकाय सुखरूप भायर काढ रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ हा होकार आधीच्यापेक्षा मोठा होता. मी दोरी दोनदा ओढली.

ती निघाली. काय दिमाखात निघाली! पुढे गुरं, मागे माणसं, मध्ये आमची गाडी, आणि म्हाताऱ्या खिडकीतून हात हलवत होत्या, जणू लग्नालाच चालल्यात. देऊळ मागे पडलं, शाळा मागे पडली. गावाची शीव म्हणजे खाडीवरच्या पुलाचा मध्य. पुलाला अलीकडून चढ आहे, पलीकडे उतार. चढाच्या तोंडाशी बस एकदा उचकी लागल्यासारखी हलली. मग दुसऱ्यांदा. आणि बंद पडली.

भाईने चावी फिरवून बघितली, मग झाकण उघडून नळी सोडवली, बोटावर डिझेल घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकला.

‘खारां पाणी!’ तो म्हणाला. जेटीवरच्या पिंपात भरतीच्या उधाणाचं पाणी शिरलं होतं. ‘ट्रॉलराक ह्याची सवय आसा, तो पचवता. हिचां पोट मुंबयचां.’

‘किती वेळ लागेल?’ मी विचारलं. टाकी रिकामी करायची, नळ्या धुवायच्या, नवं डिझेल आणायचं, म्हणजे अर्धा दिवस. आणि देवळातला नगारा वाजला की वाजवणारा सोडून शिवेच्या आत कुणी राहायचं नाही, तोही मागोमाग निघतो. नगारा आता वाजणारच होता.

कुणी काही बोलायच्या आत गावातले बाप्ये गाडीच्या मागे आले आणि हात लावून उभे राहिले. म्हाताऱ्या उतरायला लागल्या, मी ओरडले, ‘कोणी उतरूचां नाय! बसा खाली!’ बसल्या.

भाचा पायरीशी आला. चेहरा पडला होता, जिंकल्याचा आनंद तिथे नव्हता. ‘आत्या,’ तो हळू म्हणाला, ‘अट स्वतःच्या इंजिनावर जायची होती.’

शब्द दिला तो दिला, आमच्या घरात त्यावर वाद होत नाही. दोरी माझ्या हातात होती, पण मी ती ओढली नाही.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून दादाचा आवाज आला. ‘झिला, हंय ये.’

भाचा बाहेरूनच पुढे गेला आणि बापाच्या खिडकीखाली उभा राहिला. मागून ढकलायला उभे राहिलेलेसुद्धा कान देऊन ऐकत होते.

‘माका,’ दादा म्हणाला, ‘चार जणांनी उचलून हाडल्यानी.’ थांबला, श्वास घेतला. ‘मी चलत नाय इलंय.’ पुन्हा थांबला. शब्द शोधत नव्हता, तो मुलाकडे बघत होता. ‘मगे... मी मेलंय?’

भाच्याने मान खाली घातली. मला वाटतं, दादाने तो सौदा कशासाठी केला होता ते आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं. हॉटेलवाला, निळा रंग, टेबलं हे सगळं बसबद्दल होतंच. पण त्या ओट्यावर खुर्चीत बसून तो जे ऐकत होता ते स्वतःबद्दल ऐकत होता. मला हे आधी कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. कळलं नाही. तो माझा भाऊ आहे, मी त्याला आजारी समजायचे, मोडीत निघालेला कधीच समजले नाही, म्हणून माझ्या मनात ते आलंच नाही.

भाचा मागे आला. अंगातला चांगला शर्ट तसाच, बाह्या वर केल्या आणि सगळ्यांच्या मध्ये घुसून त्याने खांदा लावला.

‘आत्या,’ तो खालून ओरडला, ‘डबल मार!’

मी दोरी दोनदा ओढली. घंटा वाजली आणि गावाने जोर लावला. लाल पत्रा कुरकुरला, चाकं तसूभर सरकली, मग वीतभर, मग चालायलाच लागली. कोंबडी बाकाखालून शिव्या देत होती. म्हाताऱ्या ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होत्या, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा मागे देवळात नगारा सुरू झाला, आणि तोवर पुढची चाकं उताराला लागली होती. इथून पुढे तिला कुणाची गरज नव्हती. ढकलणारे मागे राहिले, बस स्वतःच्या वजनावर उतारावरून सुटली आणि भाई आनंदाने शिट्ट्या मारू लागला.

भाचा पळत आला, दांडा पकडून उडी मारून पायरीवर चढला. धापा टाकत होता, शर्टाला लाल रंग लागला होता, डोळे भरले होते. तो तिथेच, दारातच उभा राहिला.

कंडक्टर ती कंडक्टरच. माझ्या तोंडून आयुष्यभराची सवय बाहेर पडली. ‘दारात उभं राहायचं नाही,’ मी म्हटलं. ‘पुढे सरका. पुढे जागा आहे.’

तो पुढे गेला. बापाशेजारची जागा रिकामी होती, तिथे जाऊन बसला.